चाटायचं, गिळायचं नाही

४ ऑगस्ट

छापील कागद पाठवलास. घरात माणूस मेलं तरी लोक हाताने दोन ओळी लिहितात, आणि तू मला शिक्क्याचा कागद पाठवलास. सही तुमच्या साहेबाची आहे, पण पाकिटावरचा पत्ता तुझ्या अक्षरात आहे. त्यातला 'श्री' तुला मीच पाटीवर गिरवायला शिकवला होता. तोच वापरून तू मला 'श्रीमती' लिहिलंस. शाबास.

बारके, बरी आहेस ना? झालं, विचारलं. आता कामाचं.

कागद तुझ्या आईने वाचून दाखवला नाही. "मला त्यातलं काही ऐकायचं नाही," म्हणाली आणि शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली. मग मीच चष्मा लावून अक्षराला अक्षर जोडत वाचला. तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी. 'दूषित' हा शब्द वाचेपर्यंत चहा गार झाला. मतलब एवढा कळला, की तू आपल्या घरून नेलेले भोपळ्याचे अकराच्या अकरा वाण दूषित आहेत आणि एकतीस ऑक्टोबरनंतर तुमचं बियाणं-संशोधनाचं केंद्र ते जाळून टाकणार. हरकत असेल तर त्याआधी लेखी कळवा. खाली आणखी एक ओळ आहे, संबंधित कर्मचाऱ्याच्या चौकशीचा निकालही तेव्हाच लागेल म्हणून. संबंधित कर्मचारी म्हणजे तू. तुझं नाव लिहायला शाई संपली असेल त्यांची.

मला सांग, जाळायला ते काय त्यांच्या बापाचं आहे? राखी भोपळा मला माझ्या सासूने दिला, तिला तिच्या सासूने. टोपल्या मी माहेराहून पिशवीच्या तळाशी लपवून आणला. लांबमान्या, खवल्या, म्हातारीचा गाल, सगळ्यांना मी चाळीस वर्षं वेगळं ठेवलं, एकाची सावली दुसऱ्यावर पडू दिली नाही. तू आलीस, त्यांना नंबर दिलेस आणि घेऊन गेलीस. तेव्हा काय बोलली होतीस आठवतं? "आजी, तुझ्या परसात जेवढे प्रकार आहेत तेवढे आमच्या अख्ख्या केंद्रात नाहीत. एकाची साल जाड, एकाला पाणी नको, एक वर्षभर माळ्यावर टिकतो. उद्याचा चांगला वाण यातूनच निघणार." मी म्हटलं, उद्याचं उद्या बघू, आधी माझ्या बियांच्या बाटल्या धुऊन परत आण. त्या अजून आलेल्या नाहीत.

तुझे आजोबा गेल्या नोव्हेंबरात कडू भोपळा खाऊन गेले. कडूपणा कुठून आला तेही सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आदल्या साली तू केंद्रातले ते मुठीएवढे पट्टेवाले जंगली भोपळे, कुणाला न विचारता, माझ्या कुंपणाला लावलेस. मधमाशीला कुंपण दिसत नाही. जंगलीचा पराग राखीच्या फुलात पडला. त्या साली फळ गोडच लागलं, पण आतलं बी बाटलं, आणि पुढच्या साली त्या बियांच्या वेलाला जे लागलं ते विष. हे तूच तुझ्या बापाला हात जोडून समजावून सांगितलंस, आणि त्याने तुला दार दाखवलं.

चौकशीवाल्यांनी मला विचारलं, नातीने कळ्या बांधायला सांगितलं होतं का? मी काय सांगायचं ते सांगितलं. त्यावर पुन्हा बोलणार नाही.

एकच मागणं आहे. राखीचं चांगलं बी माझ्याकडे एकही उरलेलं नाही. ते तोंडाला फडकी बांधून आलेले लोक घरातलं सगळं घेऊन गेले. आता जुना राखी फक्त तुमच्या कपाटात आहे. तो जाळू देऊ नकोस.

आजी


२८ ऑगस्ट

उत्तर नाही. चालू दे.

इकडे वेलांवर भुरी पडली आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस ढगाळ होतं, तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पानांवर पीठ सांडल्यासारखं. पलीकडच्या शेजारणीचे वेल पांढरेफटक झाले. ती बाजारातून पुडीतलं बी आणते, सगळी झाडं एका साच्यातली, मग एक पडलं की सगळीच पडतात. कुंपणावरून मला म्हणते, "मावशी, तुमच्याकडे काही फवारायला आहे का?" मी म्हटलं, माझ्या घरचं काही तुझ्या झाडांना चालेल का? विचार कर, मग माग. आत निघून गेली. वर्ष होत आलं, या गल्लीत कुणी माझ्या हातचं पाणी पीत नाही. दुकानदार सुटे पैसे हातावर न ठेवता फळीवर ठेवतो. मला काही फरक पडत नाही, फळीवरचे पैसेही तेवढेच असतात.

तुझा बाप महिन्याने ट्रक घेऊन आला, दोन दिवस झोपला आणि गेला. तुझं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. तुझी आई माझं जेवण झाकून ठेवते आणि स्वयंपाकघराला कडी घालते. मला चुलीपाशी जायची बंदी आहे. म्हणजे बघ, घरात कैदी मी आणि बाहेर कैदी तू, आणि किल्ल्या तुझ्या आईकडे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ओरडू नकोस.

ज्या भोपळ्याने तुझे आजोबा गेले त्याचं बी माझ्याकडे होतं. माझी पद्धत तुला माहीत आहे. फळ कापलं की आधी बी काढायचं, धुवायचं, राख लावून फडक्यावर पसरायचं, मग फोडी चुलीवर. त्या दिवशीही तसंच केलं. बियांचं फडकं चुलीमागच्या चाळणीत होतं. ते लोक आले, फळं नेली, बाटल्या नेल्या, परसातले वेल उपटले. चाळणी कुणी उचलून बघितली नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

यंदा जूनमध्ये ते बी लावलं. का लावलं ते विचारू नकोस. फेकायला गेले होते, उकिरड्यापर्यंत गेले, हात उघडला नाही. जन्मभर बी फेकलं नाही, आता या वयात काय नवीन शिकणार.

बत्तीस वेल उगवले. एका आईची बत्तीस पोरं आणि दोन सारखी नाहीत. एकाचं पान राखीसारखं, चांदीचे शिंतोडे उडालेलं, दुसऱ्याचं जंगलीसारखं बारीक आणि खरखरीत, एकाला काटेच काटे. तू म्हणायचीस ना, फुटून वेगळं होतं म्हणून, तसं सगळं फुटलं आहे. आणि आता भुरी आल्यावर पंचवीस वेल शेजारणीसारखेच पांढरे झाले. सात हिरवे आहेत. हिरवे म्हणजे कोरे करकरीत, बोट फिरवलं तर बोटालाही काही लागत नाही.

तू हेच शोधत होतीस ना? यासाठीच तर ते पट्टेवाले आणले होतेस, भुरी न धरणारे. तुला केंद्राने जागा दिली नाही, म्हणून माझं कुंपण. हे तू मला तेव्हा सांगितलं होतंस. मी ऐकत होते, मला ऐकू येत नाही असं दाखवत होते.

फळं धरायला लागली आहेत.

आजी


१६ सप्टेंबर

कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. 'आजी, त्या साली कळ्या बांधल्या होत्यास का?' ना खुशाली, ना काही. तुझ्या आजोबांवर गेलीस, तेही पत्र असंच लिहायचे.

हा काय प्रश्न झाला? चाळीस वर्षं बांधतेय. संध्याकाळी मादी कळी बघायची, जिच्या पोटाखाली बाळभोपळा असतो ती, उद्या उमलणार अशी, टोकाला पिवळी पडलेली. टोक चिंधीने बांधायचं म्हणजे सकाळी ती उघडत नाही आणि माशीला आत शिरता येत नाही. नर कळीही बांधून ठेवायची. सकाळी लवकर नराच्या पाकळ्या सोलायच्या, मादीची चिंधी सोडायची, नर आत फिरवायचा आणि पुन्हा बांधून टाकायचं. बियांसाठी ठेवायचं फळ तेवढंच, त्याच्या देठाला दोरा. बाकीची फळं माशीने काहीही केली तरी ती खायची, त्यांचं बी ठेवायचं नाही. एवढं मी तुला तू सहा वर्षांची असताना शिकवलं. मलाच विचारतेस बांधल्या का?

वरचं लिहून कागद चार दिवस तसाच पडला होता. आता पुढचं लिहिते.

तू जंगली वेल लावलेस त्या दिवशी मला दोऱ्याचं एक रीळ दिलंस. लाल दोरा, गुळगुळीत, चिंधीपेक्षा बांधायला सोपा. म्हणालीस, "आजी, यंदा एकही कळी सोडू नकोस. हे जंगली शेजारी आहेत. एक जरी उघडी राहिली तर गडबड होईल. आणि उरलेल्या फळांचं बी चुकूनही ठेवू नकोस." मी म्हटलं, मला शिकवतेस? तुझ्या बापाला न्हाऊमाखू घालायच्या आधीपासून मी कळ्या बांधतेय. तू हसलीस आणि गेलीस, तुझी गाडी चुकत होती.

तू गेल्यावर मी बांधायला गेले. बोटं वळली नाहीत. आधीच्या हिवाळ्यापासून सकाळ संध्याकाळ कडक व्हायला लागली होती, पण त्या वेळी पार लाकूड झाली. पहिली कळी बांधायला अर्धा तास लागला, आणि ती तुटून हातात आली. दुसरीही तुटली. तिसरीला मी हात लावला नाही. तुझ्या आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आता पुरे करा, कशाला हा पसारा. तुझ्या आजोबांना सांगितलं असतं तर ते स्वतः वाकून बांधत बसले असते आणि त्यांची कंबर मोडली असती. मी कुणालाच सांगितलं नाही. एका राखीच्या देठाला दोरा गुंडाळला, न बांधलेल्या फळाच्या. बी ठेवायचं म्हणून. बियांसाठी फळ नसेल तर म्हातारीला विचारणार कोण?

रीळ बटणांच्या डब्यात आहे, वरचा कागदही फाडलेला नाही.

आणि चौकशीवाल्यांना मी सांगितलं, की मी कळ्या नेहमीसारख्या बांधल्या, पण नातीने जंगली वेलांचं काही सांगितलं नव्हतं, मला वाटलं शोभेचे आहेत. त्यातल्या बाईने दोनदा विचारलं. "आजी, नक्की? तिने दोरा वगैरे काही दिलं नव्हतं?" मी म्हटलं, दोरा? मला कुणी साधी सुई आणून देत नाही. त्या बाईला हसू आलं. मी तेव्हाही विनोद करत होते.

उत्तर मिळालं तुला. एका ओळीच्या प्रश्नाचं दोन पानी.

आजी


५ ऑक्टोबर

तुझं दुसरं कार्ड नाही आलं. येणारही नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं, आणि मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं लिहिलं नसतं.

पण तू हुशार आहेस. तुझ्या डोक्यात दुसरा प्रश्न आला असणार. कळ्या नाही बांधल्या, ठीक, बी बाटलं. पण आमच्या घरात भोपळा कापला की आधी कच्ची फोड जिभेला लावायची, कडू असेल तर बियांसकट खड्ड्यात, हा माझाच नियम ना? तुला लहानपणी त्याच्यावरून मार पडला होता. न चाखता फोड टोपात टाकलीस म्हणून. मग म्हातारीने त्या दिवशी चाखलं नाही का?

चाखलं. नेहमीसारखी फोड कापली, जिभेला लावली, मान हलवली आणि टोपात टाकली.

बारके, माझ्या जिभेला दोन वर्षं काही कळत नाही. तो मोठा ताप आला होता बघ, महिनाभर झोपून होते, त्यातून उठले ती अशीच. मीठ, तिखट, साखर, सगळं एक. जेवण म्हणजे ओला कापूस चावल्यासारखं. वाटलं होतं येईल परत. आली नाही. भाजीत मीठ किती टाकायचं ते मी हाताच्या अंदाजाने टाकायचे. जास्त झालं की तुझे आजोबा ताटावर बोट वाजवायचे. दोनदा टकटक म्हणजे जास्त, एकदा म्हणजे कमी. कधी बोलले नाहीत. मीही कधी विचारलं नाही, की हे बोट कशाला वाजवता. मला वाटायचं, माझी फजिती कुणाला कळली नाही. त्यांना कळली होती.

त्या दिवशी दुपारी तुझी आई दाढ धरून बसली होती, ती पेज प्यायली. तुझा बाप ट्रकवर. ताटावर आम्ही दोघंच, आणि तुझी आई समोर मशीनवर. मी त्यांना वाढलं. पहिल्या घासाला ते थांबले. बोट वाजवलं नाही. बोलले.

"कडू लागतंय ग."

मी काय म्हणाले ते लिहिते, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "तुमचं तोंडच कडू आहे. त्या गोळ्या खाता ना सकाळ संध्याकाळ. मी चाखलाय भोपळा. माझ्या राखीला नाव ठेवू नका."

मशीन थांबलं होतं. तुझी आई बघत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक शब्द म्हणाले असते, "तुला चव कळते कुठे," तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी त्यांना जन्मभर माफ केलं नसतं, पण मिटलं असतं. ते नाही बोलले. जेवायला लागले. सावकाश खाल्लं, दर घासाला पाणी. मी पंख्याने वारा घालत समोर बसले होते, खा म्हणत होते. आपण उरलेलं खायचं ही माझी रीत. त्या दिवशी उरलंच नाही. टोप ओढून घेतला त्यांनी आणि माझ्या वाटचंही खाल्लं. तळ पुसून खाल्लं.

ते खादाड नव्हते. अर्धी वाटी भाजी खाणारा माणूस.

संध्याकाळी ओकायला लागले. मग खालून रक्त. डॉक्टरला मी सांगितलं शिळं खाल्लं असेल. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने विचारलं, "कडू काही पोटात गेलंय का?" मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्या तीन दिवसांत त्यांनी मला एकदाच जवळ बोलावलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी खाटेच्या लाकडावर बोट वाजवलं. दोनदा.

याचा अर्थ काय ते मला विचारू नकोस. मी रोज वेगळा लावते.

रडत नाहीये. शाई फुटते ती या पेनमुळे, जुनं झालंय.

सात वेलांची फळं पिकायला आली.

आजी


१९ ऑक्टोबर

साहेबाला रजिस्टर पत्र टाकलं आहे. पावती जपून ठेवली आहे. त्यात हेच लिहिलं आहे जे तुला लिहिलं, आजोबांचं ताटावरचं सोडून. ते त्यांच्या चौकशीला कशाला. कळ्या बांधल्या नाहीत, दोरा मिळाला होता, नातीने सांगितलं होतं, खोटं मी बोलले, बी न बांधलेल्या फळाचं ठेवलं, चव न कळता चाखल्याचं नाटक केलं. सोबत रीळ पाठवलं आहे, वरच्या कागदासकट. तू जिथून घेतलंस त्या दुकानाचा शिक्का आणि तारीख त्यावर आहे. आणि लिहिलं आहे, की तुमच्या कपाटातले अकरा वाण बाटण्याच्या दोन वर्षं आधी तिने नेले, त्यांचा यात काही संबंध नाही, जाळायचं असेल तर मला जाळा, लाकूड तरी सुकं आहे. ही शेवटची ओळ तुझ्या आईने खोडायला सांगितली. मी खोडली नाही.

जंगली बी तू न विचारता आणलंस, ते मी झाकलेलं नाही. त्याची शिक्षा तुला होईल ती घे. फुकटची घेऊ नकोस.

आता तुझ्या आईला कसं कळलं ते ऐक. फळं उतरवली, सातही वेलांचं एकेक. आकार सात तऱ्हेचे. एक तर हुबेहूब राखी, पाठीवर पांढरी भुकटी, फक्त जरा लहान. एक जंगलीसारखा, मुठीएवढा. आता यातले कडू कोणते आणि गोड कोणते? मी सातही जिभेला लावले. सातही पाणी. शेळीपुढे एकेक फोड टाकली, शेळीने सगळ्या खाल्ल्या. शेळीचं काय, तिने माझी चप्पलही खाल्ली आहे. शेजारणीला विचारणार? ती दारातून किंचाळत पळाली असती.

मग मी ठरवलं, एकेक फोड खाऊन बघायची, एकेका दिवशी एक. ज्या दिवशी पोट फिरेल तो कडू. या वयात दुसरं काय कामाला येणार मी. पहिली फोड तोंडाशी नेली आणि तुझी आई मागून आली. हातातली सुरी घेतली, मग तोंडातली फोड बोटाने काढली, लहान पोराच्या तोंडातून माती काढावी तशी.

"काय चाललंय?"

"चव बघतेय."

"चव? तुम्ही?" असं म्हणून ती खाली बसली, जमिनीवरच. "त्या तापानंतर तुम्ही चुलीपाशी होतात तोवर मी तुमच्या भाजीत चोरून पाणी घालत होते. मला माहीत नसेल वाटलं?"

मी सांडलेल्या फोडी गोळा करायला लागले.

"त्या दिवशी ते कडू म्हणाले तेव्हा मी उठणार होते," ती म्हणाली. "उठून एक फोड खाल्ली असती. दाढ ठणकत होती. म्हटलं, कशाला दोघांच्या मध्ये पडा. तुमच्या तोंडाला कोण लागणार." मग ती रडली. मी तिला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवणं मला जमत नाही, आणि बोटंही वळत नाहीत.

मग मी तिला सगळं सांगितलं, रिळाचंही. ती म्हणाली, "माझ्या पोरीला मी फोनसुद्धा केला नाही वर्षभर." एवढंच. तुझा बाप यायचा आहे. त्याला ती सांगणार आहे म्हणते. मी म्हटलं, मी सांगते, माझ्या पापाला दलाल नको. बघू कोण आधी बोलतं ते.

तिला म्हटलं, तू चाटून बघशील का? म्हणाली, "मी नाही. हे ज्याचं काम आहे त्याला पाठवा." तिचं बरोबर आहे. पण नंतर मशीन सुरू झालं, आणि संध्याकाळी माझ्या पुढ्यात सात थैल्या टाकल्या, जाड कापडाच्या, बोटभर लांब, प्रत्येकीवर एक ते सात आकडे शिवलेले. कडीही घातली नाही त्या दिवशी स्वयंपाकघराला. मी आत गेले नाही. पण घातली नव्हती.

सोबत त्या सात थैल्या आहेत. प्रत्येकीत एका वेलाच्या फळाच्या तीन चकत्या, उन्हात खडखडीत वाळवलेल्या. वाळवून कडूपणा जात नाही, तूच सांगितलं होतंस. बी मी वेगळं ठेवलं आहे, सात बाटल्यांत, बाटल्यांवर तेच आकडे. सगळे भुरीपासून वाचलेले. त्यातला एक जरी गोड निघाला तर तो तुला हवा होता तो वाण. तुझ्या आजोबांच्या जिवावर आलेला आहे, एवढं त्याच्या कागदावर लिहायचं की नाही ते तू ठरव. सगळे कडू निघाले तर सातही बाटल्या मी स्वतः चुलीत घालते. या वेळी हात उघडेल.

आता नीट वाच. चकती पाण्यात भिजवायची. जिभेचं टोक लावायचं. चाटायचं, गिळायचं नाही. लगेच थुंकायचं, चूळ भरायची, एका चकतीनंतर दुसरीला अर्धा तास थांबायचं. एका दिवसात दोनच. कडू लागली की ती थैली बांधून टाकायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. मोठेपणा करायचा नाही, मला बरं वाटावं म्हणून गोड म्हणायचं नाही. आपल्या घरात तसं एकाने केलं आहे, पुरे झालं.

नंबर तीन राखीसारखा आहे. त्याचं आधी बघ.

उत्तर एका कागदावर लिहायचं. सात आकडे, प्रत्येकापुढे कडू किंवा गोड, खाली सही. साहेबाची सही चालणार नाही, शिक्का नको, आईला फोन करून निरोप ठेवलास तर मी ऐकणार नाही, आणि बापाच्या हाती चिठ्ठी दिलीस तर फाडून टाकीन. चाटायचं नसेल तर तेही लिहायचं, चाटणार नाही असं, स्पष्ट. पण लिहायचं तूच, तुझ्या हाताने, आणि पाकिटावर 'आजी' लिहायचं.